नारळासमोर म्हटलेला धवला

सारसोळे
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५
सकाळी ९ वाजून ४० मिनिटं

प्रिय नमिताताई,

आत्ता मी बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेड कान साफ करायच्या काडीने पुसत होतो. पहिली काडी तपकिरी झाली, दुसरीही. तिसरी पांढरी निघाली तेव्हा हात धुतले आणि हे पत्र लिहायला घेतलं.

तुझा नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर काय बोललो ते मला नंतर आठवत राहतं आणि त्रास होतो. कागदावर निदान खोडता येतं. हा कागद तुमच्या कामोठ्याच्या सोसायटीच्या वॉचमनकडे देईन. वर येणार नाही.

टेप माळ्यावर सापडला. पत्रे बदलायचे होते म्हणून माळा रिकामा केला, तर बाबांच्या टेम्पोच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला. आतला रबराचा बेल्ट वितळून डांबरासारखा चिकटला होता. वाशीला एक म्हातारे गृहस्थ अजून अशा वस्तू दुरुस्त करतात. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"वय काय तुझं?"

"सव्वीस."

"मग तुला हे कशाला? विकणार काय सिनेमावाल्यांना?"

"ऐकणार."

"ऐकणार म्हणे," असं ते टेपलाच म्हणाले आणि पाना घेतला.

ताई, तुला आठवतं का, प्ले आणि रेकॉर्ड या दोन कळा एकदम दाबायला किती जोर लागायचा? तू रेडिओवरची बाई व्हायचीस आणि मी श्रोता. तो जोर माझ्या बोटांना परत आठवला. आता मी भंगारवाल्यांकडून कॅसेट घेतो. शिरवण्याच्या एकाने माझा नंबर ठेवला आहे, माल आला की फोन करतो. सानपाड्याला एका काकूंनी अख्खं खोकं दिलं आणि वर म्हणाल्या, "यातलं काही परत आणून देऊ नका हं." गाण्यांच्या कॅसेट फार आहेत, पण मला घरी भरलेल्या आवडतात. एकीत एक मुलगा सत्तावीसचा पाढा म्हणतो, अडतो, आणि मागे कुकरची शिटी होते. एकीत एक बाई कोणाला तरी सांगते की दार वाजतंय, बघ. दार उघडल्याचा आवाज येतो आणि कॅसेट संपते. कोण आलं होतं ते कळत नाही. मी ती कितीदा ऐकली असेल.

मी स्वतःही भरतो. रेडिओवरून भरताना जाहिरात आली की पॉझची कळ दाबायची, गाणं सुरू होताच सोडायची. अर्ध्या श्वासाचा खेळ असतो. माझ्या कॅसेटमध्ये निवेदकाचा एक शब्द येत नाही. लेबलवर नावं मी दोनदा तपासून लिहितो. दुकानात झेरॉक्सला आलेले लोक माझं मराठी टायपिंग बघून विचारतात, कितवी शिकलास? मी अकरावी सांगत नाही.

आईला घसा बसल्यासारखं झालं आहे. बरेच दिवस झाले. वाशीच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखवलं. तुकडा काढून तपासायला दिला आहे. बाकी सगळं ठीक आहे.

तुझा,
दिपेश


सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५
दुपारी, दुकानात

प्रिय नमिताताई,

बाकी सगळं ठीक आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. तेव्हाच डॉक्टरांचा चेहरा बघून मला कळलं होतं.

रिपोर्ट आला. स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. २८ तारखेला, मंगळवारी, ऑपरेशन. त्यानंतर आई जगेल, जेवेल, चालेल. बोलणार नाही.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी विचारलं, "मावशी, मिश्री लावता?"

"दात घासाला लावते."

"दिवसातून किती वेळा घासता?"

आई माझ्याकडे बघून हसली. मग तिने विचारलं, "नरडा काढल्यावं मंग लग्नान मी काय शिटी मारू?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं, की आमच्या आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण असते. ती धवले म्हणते तसतसे विधी पुढे सरकतात, हळद त्यानेच लागते, लग्न त्यानेच लागतं. आईचं तेच काम आहे. डॉक्टर थोडा वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिले. "रेकॉर्ड करून ठेवा," म्हणाले.

तेवढंच मला हवं होतं. पण आई मोबाईलवर म्हणत नाही. तू गेल्यानंतरची गोष्ट आहे, तुला माहीत नसेल. काकांच्या प्रीतमने एका लग्नात तिचा धवला मोबाईलवर घेतला आणि त्याला खाली डीजेचा ठोका लावला. सगळ्या गावात फिरला. पुढच्या हळदीला आई धवला म्हणायला गेली, तर पोरं तिचाच आवाज लावून बाटल्या डोक्यावर घेऊन नाचत होती. प्रीतम वर म्हणाला, "काकी, तू फेमस झालीस!" ती धवला न म्हणता घरी आली. तेव्हापासून तिच्यासमोर कोणी मोबाईल उभा धरला तरी तोंड मिटते.

टेपचं मात्र तिला चालतं. चाकं फिरताना दिसतात, थांबली की थांबलेली दिसतात. "ह्या डब्ब्यातलां भायेर जात नाय ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, जात नाही, ज्याच्या हातात कॅसेट त्याच्याकडेच आवाज. हे तिला पटलं.

अडचण दुसरीच आहे. नवरीशिवाय ती धवला म्हणत नाही. मी म्हटलं, आई, आजारपणात चालतं. ती म्हणाली, "कोनाचा लगीन लावू? भिंतीचा?" आणि तुळशीचं लग्न व्हायच्या आत गावात कुठे लग्न नाही. तुळशीचं लग्न २ नोव्हेंबरपासून. ऑपरेशन २८ ऑक्टोबरला. डॉक्टरांना विचारलं, आठ दिवस पुढे ढकलता येईल का. त्यांनी सरळ नाही म्हटलं.

ताई, ज्या नवरीचा धवला बाकी आहे अशी एकच आहे. तू कचेरीत सही करून लग्न केलंस, तेही आषाढात. आईला स्वराजभाऊंचं वावडं नव्हतं. ते साताऱ्याचे, आपल्यातले नाहीत, हे ती चार दिवसांत विसरली असती. चारशे पोरींची लग्नं लावली आणि माझीच तशीच गेली, हे ती आजही भांडी घासताना म्हणते. त्या दिवशी दारात ती तुला जे बोलली ते मी इथे परत लिहीत नाही.

२३ तारखेला भाऊबीज आहे. तू ये. पाटावर बस, आई धवला म्हणेल, मी भरून घेईन. आईनेच तुला बोलावलं आहे.

तुझा,
दिपेश


शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५
संध्याकाळी ६ वाजता

प्रिय नमिताताई,

तुझा मेसेज भाऊबीजेच्या सकाळीच मिळाला होता. "आईने बोलावलंय की तू?" एवढाच होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि उत्तर दिलं नाही. कारण बोलावलं मी होतं.

पण आईला कुठून तरी वास लागला होता. तिने जिताडा आणायला लावला. तुझं ताट कलतं करायला खाली ठेवायची ती पितळी वाटी घासली. दुपारी दोनपर्यंत मला जेवायला वाढलं नाही. अडीचला म्हणाली, "जेव तू. मासा थंड झाला."

तिचा आवाज आता घोगरा झाला आहे, मोठ्याने बोललं की खोकला येतो. आज दुपारी जेवण झाल्यावर तिने स्वतःच पाट मांडला. पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ. नारळाला हळद लावली आणि मुंडावळ्या बांधल्या. मुंडावळ्या नवीन होत्या, ताई. त्या तिने कधी आणून ठेवल्या होत्या ते मला माहीत नाही.

"आन तुजा डब्बा," म्हणाली.

मी टेप आणला. कोरी कॅसेट लावली. ही जुन्या साठ्यातली, साठ मिनिटांची, एका बाजूला अर्धा तास. आवाजाची सुई कुठे जाते ते बघितलं, टेप वीतभर मागे घेतला. पंखा बंद केला. दार लावलं. बाहेर मामी सुकट पाखडत होती, तिला थांबायला सांगितलं.

आणि आईने धवला म्हटला. देव बोलावले, मांडव उभा केला, हळद दळली. जिथे नवरीचं नाव घ्यायचं असतं तिथे तुझं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं, स्वतःचं घेतलं. नवऱ्याच्या नावाजवळ मला भीती वाटली. तिने "स्वराज" म्हटलं. तिला नाव माहीत आहे, हेच मला माहीत नव्हतं.

आवाज फाटका होता पण सूर हलला नाही. मध्ये मध्ये खोकला यायचा, पाणी प्यायची, दोन कडव्यांच्या मध्ये नारळाकडे बघून काही बोलायची, पुन्हा सुरू करायची. माझं बोट सगळा वेळ पॉझवर होतं. खोकला आला की दाबली, श्वास घेतला की सोडली. इतकं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. आत्ता ऐकून बघितलं. सगळा धवला सलग, एकही खोकला नाही, मधलं बोलणं काही आलेलं नाही. टेप अगदी स्वच्छ आहे.

लेबलवर लिहिलं आहे : "भागीरथी कमळाकर. नमिताचा धवला."

परवा तिला ॲडमिट करायचं. मला फार बरं वाटतं आहे आज. असं वाटणं बरोबर आहे की नाही, कळत नाही.

तुझा,
दिपेश


मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय नमिताताई,

ऑपरेशन झालं. आई परवा घरी आली. गळ्याला पुढून भोक आहे, त्यातून ती श्वास घेते. त्यावर ओली जाळी ठेवायची असते. ते मी शिकलो. कृष्णातमामा बघायला आला आणि जिन्यातच बसून राहिला, वर आलाच नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही. माफ कर. तू रडत होतीस आणि मला काय करावं कळेना. तू दोन गोष्टी विचारल्यास. कॅसेट कधी पाठवतोस, आणि दोन कडव्यांच्या मध्ये आई नारळाकडे बघून काय बोलत होती.

कॅसेटला थोडा वेळ लागेल. बेल्ट घसरतो आहे, आवाज मागेपुढे होतो. दुरुस्त करून पाठवतो.

आई काय बोलत होती ते मला आठवत नाही. मी सुईकडे बघत होतो.

आईला तू यावंसं वाटतं का, हेही तू विचारलंस. तिला विचारायचं कसं, ते आधी मला शोधावं लागेल. ती लिहू शकत नाही. अंगठा देते, तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी पाटी द्या म्हणून सांगितलं, ती मी आणलीसुद्धा. तिने पाटीवर एक मासा काढला आणि माझ्याकडे सरकवली. मी बाजारात गेलो.

तुझा,
दिपेश


रविवार, २३ नोव्हेंबर २०२५
सकाळी ११ वाजता

प्रिय नमिताताई,

बेल्ट घसरत नव्हता. कॅसेट पाठवायची मला भीती वाटत होती. आता सगळं क्रमाने लिहितो, तू क्रमानेच वाच. मध्येच कॅसेट लावू नकोस.

तुझा फोन आल्यावर मी ती कॅसेट हेडफोन लावून ऐकली. जिथे जिथे मी पॉझ दाबली तिथे बारीक टक् असा आवाज आहे. गाणं, टक्, गाणं. आईचं बोलणं कुठेच नाही. मग मला कळलं की आईचं बोलणं आपल्याकडे कशातच नाही. मी माझी सगळी खोकी काढली. कोणाकोणाच्या आया, कोणाकोणाची पोरं बोलतात, पण आपली आई "दिपेश, आंघोल कर" म्हणताना कुठेही नाही. प्रीतमकडे गेलो. त्याच्या क्लिपमध्येही नुसता धवला. तो म्हणाला, "भावा, सांगितलं असतंस तर मी मोबाईल चालू ठेवला असता ना." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

एकाच ठिकाणी माझं बोट उशिरा पडलं आहे. पहिल्या बाजूला, शेवटाकडे. आई नारळाकडे बघून म्हणते, "नमे, तुजे धवल्यानी माजा गला धरला..." आणि टक्.

ताई, हे वाचून थांबू नकोस. पुढे वाच.

मी आधी डॉक्टरांकडे गेलो. दीड तास बसलो आणि विचारलं, मनात काही राहून गेलं, कोणावर राग राहिला, तर हा रोग होतो का? ते म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला? मिश्रीने होतो. तुमच्या आई चाळीस वर्षं ती तोंडात धरून होत्या." मी म्हटलं, हे लिहून द्याल का? त्यांनी लिहून दिलं नाही, पण पुन्हा एकदा सांगितलं.

तरी तेवढं वाक्य तुला पाठवायला माझा हात होईना. ते पुसणं सोपं होतं. तेवढ्या जागेवर दोन कळा दाबायच्या, काम झालं. दोनदा बसलो. पण आपल्या आईचं बोलणं जगात तेवढंच उरलं आहे. ते पुसलं तर ती फक्त गाणारी बाई राहते.

आणि मला पक्कं माहीत होतं की ती पुढेही काही बोलली होती. टक् नंतर तिने नारळाच्या मुंडावळ्या नीट केल्या होत्या. रागावलेलं माणूस तसं करत नाही. पण शब्द आठवेनात.

काल संध्याकाळी मी आईसमोर बसलो. टेप समोर ठेवून तेवढंच वाजवलं. स्वतःचा आवाज ऐकून तिने आधी डोळे मिटले. मी म्हटलं, "आई, याच्यापुढे तू काय बोललीस ते नमीताईला सांगायचंय. मी बोलतो, तू मान हलव."

तिने हात झटकला. कशाला, असं.

"एवढंच ऐकून ती समजेल की तू तिच्यामुळं आजारी पडलीस."

आई एकदम उठून बसली. जाळी सरकली, ती मी नीट केली. तिने मला हाताने 'बोल' म्हटलं.

"तू म्हणालीस, मी तुला माफ केलं?"

मान हलवली, नाही. चेहरा असा केला, की मी कोण माफ करणारी.

"तू म्हणालीस, आता तरी घरी ये?"

नाही. कंटाळून तिने कपाळाला हात लावला. मग स्वतःच गळ्याजवळ मूठ नेली, घट्ट आवळली, आणि उघडली.

"सुटला? गळा सुटला?"

नाही. तोंडाकडून बाहेर हात नेला, गाताना नेते तसा.

"धवला. धवला सुटला?"

जोरात हो. मग बोट दाराकडे, तुमच्या दिशेला.

"नमीताई."

हो. मग दोन्ही हातांनी अंतरपाट धरल्यासारखं केलं आणि तो खाली टाकला. अंतरपाट खाली टाकला की काय होतं, ते आपल्या गावात पोरासोरांनाही माहीत आहे. मला तिथेच ऐकू आलं, ताई. तिच्या आवाजात, त्या दुपारचं. मी ते तिला म्हणून दाखवलं, तिच्याच बोलीत, आणि प्रत्येक शब्दाला थांबलो. एका ठिकाणी तिने सुधारलं. मी "आता" म्हटलं होतं. तिने जमिनीवर बोट आपटलं, तेव्हा मी "आज" म्हटलं आणि तिने मान हलवली.

तर पूर्ण वाक्य असं आहे. यात माझा एकही शब्द नाही.

"नमे, तुजे धवल्यानी माजा गला धरला व्हता. आज म्हनला. तुजा लगीन लागला, पोरी."

मी हे कागदावर लिहून तिला वाचून दाखवलं. तिने अंगठा पुढे केला. शाई नव्हती, म्हणून त्या दिवशीच्या उरलेल्या हळदीत बुडवला. तो कागद सोबत आहे.

कॅसेटही सोबत आहे. मी प्रत काढलेली नाही. आईला शब्द दिला होता, ज्याच्या हातात कॅसेट त्याच्याकडेच आवाज. पाठीवरची प्लॅस्टिकची जीभ तोडली आहे, म्हणजे आता तिच्यावर कोणाला काही भरता येणार नाही, मलाही नाही. टक् आला की कागद वाच. मग पुढचं ऐक.

आईला तू यावंसं वाटतं का, ते मी विचारलं. तिने पाटी मागितली. घर काढलं, आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. मी नीट बघितलं.

नंतर मेसेजमध्ये तू पैशांचं विचारलं होतंस. योजनेतून मिळाले ते सोडून :

ऑपरेशन, औषधं, जाळ्या : १,४२,६०० रुपये.
टेपचे दोन बेल्ट : १८०.
तीन कोऱ्या कॅसेट : ४५०. एक वापरली.
कुरिअर : ९०. या वेळी वॉचमनकडे दिलं नाही, सही करून घे.
एकूण : १,४३,३२०.

देणं : कृष्णातमामा ६०,०००. दुकानाचे मालक १५,०००, पगारातून कापतील.

हा हिशोब मी आईला वाचून दाखवला. तुझ्या नावापुढे मी वीस हजार लिहिले होते, तू देईन म्हणालीस म्हणून. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि तुझ्या नावावर रेघ मारली. मग त्या रेघेखाली, तिला येतं तसं, दोन ताटं काढली, एकाखाली तुझी वाटी.

तुझा,
दिपेश